गरोदर बाईचा 'साधा' ताप : नव्या आशाताईसाठी

अगं, पंचगंगेला पाणी चढलं की आपल्याकडं घरोघरी खोकला असतोच. पण गरोदर बाईचा फ्लू 'हवा बदलली' म्हणून सोडायचा नाही. सातव्या महिन्यानंतर पोट वर चढतं, फुप्फुसांना जागा कमी पडते. आईला ऑक्सिजन कमी, म्हणजे बाळालाही कमी. मग दिवस भरायच्या आधीच बाळंतपण, कमी वजनाचं बाळ, काचेच्या पेटीतले दिवस.

ऑक्सिमीटर लावताना आधी नखं बघ. डोहाळजेवणाची गडद नेलपॉलिश तशीच ठेवून मी एकदा चुकीचा आकडा घेऊन धावले होते! बोट गार असेल तर चोळून गरम कर. ऑक्सिजनचा आकडा ९५ च्या खाली किंवा बोलताना धाप, की थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. ऑसेलटॅमिव्हिर हे फ्लूवरचं औषध लक्षणं दिसल्यापासनं ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी, ते डॉक्टरच देतील. तापाला पॅरासिटामॉल चालतं. मेडिकलमधनं मनानं आणलेली आयबुप्रोफेन नको.

फ्लूची लस कुठल्याही महिन्यात चालते. बाळाला सहा महिन्यांपर्यंत ती देता येत नाही, तोवर आईकडनं मिळेल तेवढंच संरक्षण.

आणि बाळंतिणीला फ्लू झाला म्हणून सासूबाई बाळाला आईपासनं लांब न्यायला लागल्या, तर सांग : मास्क लावून, हात धुऊन, दूध अंगावरचंच पाजायचं.