घामाचा पट्टा काढा, आधी तेलाचा डबा मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन महिन्यांपासून रोज सकाळी फुटाळा तलावावर तासभर चालून राहिल्या, पोटाला घाम काढायचा पट्टा, भात बंद, उपाशीपोटी लिंबू-मधाचं पाणी, आणि पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो उतरले ते तिथंच अडकलं, पोट जसंच्या तसं. तुमच्या मेहनतीत काहीच कमी नाही जी, सांगणाऱ्यांनी चुकीचं सांगितलं.

पट्टा आजच काढा. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, काटा थोडा खाली जातो अन् दोन ग्लास पाणी प्यायलं की परत वर. चरबी जळते तेव्हा ती बहुतेक श्वासातून जाते, म्हणजे 10 किलो चरबी गेली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि 1.6 किलोचं पाणी होतं (म्हणून जोरजोरात श्वास घेऊन काही होत नाही, आधी ती जळावी लागते). आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, 45 डिग्रीच्या दिवसांत अंग असं बांधून चालणं म्हणजे ऊन लागायला बोलावणं आहे, ह्याची मला खरंच काळजी वाटते.

पोटाची चरबी वेगळी काढता येत नाही. पोटाचे व्यायाम केले की आतले स्नायू मजबूत होतात, वरचा थर कुठून आधी कमी करायचा ते शरीर ठरवते. माझं वजन उतरताना आधी चेहरा बारीक झाला, मग दंड, कमरेला फरक दिसायला आठ महिने गेले.

ते पहिले तीन किलो बहुतेक पाणीच होतं. भात-साखर एकदम कमी केली की शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा साठा) संपते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी जाते. भाताचा दोष नाही हो, एक वाटी भात आणि तेल लावलेल्या दोन पोळ्या यांच्या कॅलरीत फार फरक नाही, म्हणून भात सोडून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर हिशोब तोच.

आता खरी गोष्ट. एक किलो चरबी म्हणजे जवळपास 7700 कॅलरी. तासभर चालून 70 किलोच्या माणसाच्या 250 च्या आसपास जातात, आणि मोठा चमचाभर तेल म्हणजे 120. म्हणजे येताना तर्री पोहे खाल्ले आणि त्यावर दोन चमचे तेलाचा तवंग असला की चालणं तिथंच फिटलं, पोहे तर अजून मोजलेच नाही. मी काय केलं, घरात महिन्याला किती तेल येते ते पाहिलं. आम्ही चार माणसं, पाच लिटर. म्हणजे माणशी रोज 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या! फोडणीला बाटली धरून ओतणं बंद केलं, चमच्यानं मोजून घालायला लागली, तीन महिन्यांत तीन लिटरवर आलो. जेवणातला एक पदार्थ सोडला नाही, सावजी रस्सापण होतो, फक्त वरचं तेल काढून. यानं माणशी रोज 135 कॅलरी कमी झाल्या, महिन्याला अर्धा किलो चरबीचा हिशोब होतो.

मध मोठा चमचाभर असेल तर 60 कॅलरी, लिंबू-मधानं चरबी वितळत नाही, आवडत असेल तर प्या.

चालणं मात्र सोडू नका, शुगर आणि हृदयासाठी ते चांगलंच आहे. त्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं असं काही घाला, आणि ताटात वरण, दही, मोट (मटकी), अंडी वाढवा, नाहीतर वजनासोबत स्नायूपण जातात. काट्यापेक्षा टेपनं कंबर मोजा, आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंटिमीटरच्या वर गेली की जास्त धरतात. शुगरची गोळी सुरू असेल तर जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

घरी माणसं किती आणि महिन्याला तेल किती लिटर येते ते सांगा ताई, मी हिशोब करून देते.