नेपल्सला उतरल्यावर टूर घ्यावी का?

क्रूझ नेपल्सला लागते ती थेट शहराच्या दारात. धक्क्यावरून बाहेर पडलात की समोर कास्तेल नुओवो किल्ला, शेजारी मुनिचिपिओ मेट्रो. त्यामुळे नुसतं शहर बघायला टूरचे पैसे घालवू नका. जुन्या शहरातल्या स्पाक्कानापोली भागाच्या गल्ल्या पायीच फिरायच्या असतात. पुरातत्त्व संग्रहालयात जवळच्या पॉम्पेई या प्राचीन रोमन गावातली मूळ मोझेक चित्रं आहेत, पण ते सहसा मंगळवारी बंद असतं.

पॉम्पेईचं गणित वेगळं. गारिबाल्दी स्थानकातून चिर्कुमवेसुवियाना लोकल साधारण पाऊण तासात पोचवते. गर्दी पाहून मुंबईकरांना घरी आल्यासारखं वाटेल. पाकीट तेवढं पुढच्या खिशात ठेवा. इटलीत रेल्वेचे संप होतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. क्रूझवाल्यांच्या टूरला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, आपल्या एकट्यासाठी थांबत नाही. परतीला दोन तास हातात ठेवता येत नसतील तर सरळ टूर घ्या.

मी स्वतः लोकलने जाऊन तिथे परवानाधारक गाइड घेईन. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं गाव कुणी समजावून सांगितलं नाही, तर नुसत्या भिंती दिसतात. आईवडील सोबत असतील तर एक ध्यानात घ्या: तिथल्या खडबडीत दगडी रस्त्यांवर टूरवाल्यांनाही चालावंच लागतं.