कानशिलावरची प्रत्येक चकती चाई नसते

मुलांच्या डोक्यावर केस नसलेली जागा दिसली की घरचे 'चाई' म्हणून मोकळे होतात. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच घोळातून आले आहेत.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. डाव्या कानशिलावर त्रिकोणी जागा विरळ आहे, वर्षभर तेवढीच. चाईचं स्टिरॉइड मलम लावून फरक नाही. आता इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का?

आधी निदान पक्कं करा. वर्णनावरून हा टेम्पोरल ट्रँग्युलर अलोपेशिया, म्हणजे कानशिलावरची त्रिकोणी विरळ चकती, वाटतो. साबुरो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी 1905 मध्येच तो नोंदवला, तरी आजही त्याच्यावर चाईचे उपचार होतात, याची मला चीड येते. चाईची चकती अचानक पडते, गुळगुळीत असते, कडेला बुंध्याशी निमुळते झालेले तुटके केस दिसतात. तुमच्याकडची जागा नीट बघा : बारीक, फिकी लव असेल. केसांची मुळं तिथे आहेत, पण त्यांतून जाड केस येत नाही. बाळपणी सगळेच केस मऊ, म्हणून बहुतेकांच्या ते दोन-तीन वर्षांनंतर लक्षात येतं. चाईत केसांच्या मुळांशी दाह असतो. इथे दाहच नाही, मग दाह दाबणारं स्टिरॉइड करणार काय? उलट त्वचा पातळ होते, इंजेक्शनच्या जागी खळगा पडू शकतो. त्वचारोगतज्ज्ञाकडून डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, तपासून घ्या. दुखत नाही, काही मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : ही जागा पसरेल का?

नाही. पसरत असेल तर निदान चुकलंय, पुन्हा दाखवा.

प्रश्न : डोकं भादरलं की केस दाट येतात म्हणे?

येत नाहीत. वस्तरा मुळापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : एका तेलाच्या जाहिरातीत मुलांचे आधीचे-नंतरचे फोटो आहेत. आणावं का?

नको. चाईचे केस पुष्कळदा आपोआप परततात आणि श्रेय बाटली घेते. त्रिकोणी चकतीवर मिनॉक्सिडिल या केस वाढवणाऱ्या औषधाने काहींना गुण येतो, पण औषध थांबवलं की तोही जातो. मुलांना ते परस्पर लावू नका. तोवर केस त्या बाजूला वळवून विंचरा. केशरोपणाचा विचार मूल मोठं झाल्यावर, त्याला स्वतःला हवं असेल तरच.

प्रश्न : मुलीच्या डोक्यावर खवले, खाज, केस तुटलेले, आता सूज आणि पू. मलम लावतोय.

मलम पुरणार नाही. ही बुरशी असावी आणि तिला आठवडे-आठवडे पोटातून औषध लागतं. उशीर झाला तर व्रण राहून तिथले केस कायमचे जातात. आजच डॉक्टरांकडे जा. घरातल्या बाकीच्या मुलांची डोकीही दाखवा, कंगवे वेगळे करा.