देव नाही वाटतं, मग म्हातारीला हाक का मारली?

पत्र: ताई, मी 43 वर्षांचा. फलटण तालुक्यात राहतो, पतसंस्थेत कॅशियर आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत धाकटा भाऊ गेला. ऑक्सिजनचा बेड मिळाला, पण उशिरा. वडील माळकरी, आई आधीच गेलेली. 'पांडुरंगाची इच्छा,' एवढंच वडील म्हणाले, आणि माझा देवावरचा विश्वास तिथेच संपला. गेल्या महिन्यात एक म्हातारी ठेवीचे पैसे भरायला आली. चाळीस हजार म्हणून दिले, मोजले तर पंचेचाळीस निघाले. सीसीटीव्ही बंद होता. ती दारापर्यंत गेली होती, तिच्याकडे पाहिलं आणि हाक मारली. रात्रभर झोप नाही. बघणारा कोणी नाही, हिशेब ठेवणारा कोणी नाही, मग मी हे का केलं? आणि या सगळ्या जगण्याला अर्थ तरी काय? वडील म्हणतात, यंदा चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं रिंगण बघायला माझ्याबरोबर चल. जाऊ का? खोटं वाटतं. वहिनी आणि दोन मुलं आमच्याकडेच असतात.

उत्तर:

नमस्कार दादा,

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. 'तिच्याकडे पाहिलं आणि हाक मारली.' त्या दोन क्षणांत पाप-पुण्य नव्हतं, स्वर्ग-नरक नव्हता. तो पैसा कसा जमला असेल हे काउंटरवर बसून तुम्हाला रोज दिसतं. दूध घालून, खुरपणीला जाऊन, कधी शेरडं विकून. पाच हजार कमी झाले तर तिच्या घरात काय होईल हे तुम्हाला ठाऊक होतं. तेवढं कारण पुरेसं आहे. त्याच्यावर आणखी कुणाची सही लागत नाही. आणि मनापासून सांगा, देव मानत होतात तेव्हा तरी तुमची कॅश देवाच्या धाकाने जुळत होती का? मला नाही वाटत.

आता वडिलांच्याच पंढरपूरची गोष्ट बघा. विठ्ठलाच्या देवळात दलितांना पाऊल टाकता येत नव्हतं. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले, प्राण पणाला लावले, तेव्हा ते उघडलं. दार बंद ठेवणारे देव मानणारे होते. गुरुजीही देव मानणारेच, आणि तेही अगदी हळवेपणाने. विठ्ठल दोघांचा एकच होता. फरक एवढाच, की बाहेर उभा असलेला माणूस गुरुजींना आपला वाटला, दुसऱ्यांना वाटला नाही. म्हणून मी ठाम म्हणते, नुसतं देव मानण्याने माणूस चांगला ठरत नाही आणि न मानण्याने वाईटही ठरत नाही.

दुसऱ्या बाजूचा माणूस तर तुमच्याच जिल्ह्यातला आहे. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. देवाच्या आधाराशिवाय, निव्वळ विवेकावर उभे राहिले. घरची गरिबी असताना आईला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांसाठी देईन. सनातनी लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी आपल्या 'सुधारक' पत्रातून लिहिणं थांबलं नाही. दम्याने गेले तेव्हा 38 वर्षांचे होते. वरून कोणी शाबासकी देईल अशी त्यांना आशाच नव्हती. त्या आयुष्याला अर्थ नव्हता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण दादा, एवढं वाचून रात्री झोप लागेल असं मी म्हणणार नाही. विश्वास गेला की खरोखरच काहीतरी जातं. मध्यरात्री ज्याच्याशी भांडावं, 'माझाच भाऊ का?' असं ज्याला विचारावं, तोच उरत नाही. तुम्ही नीतीबद्दल विचारलंय, पण मला त्या पत्रात भाऊच जास्त दिसला. बेडसाठी केलेली धावपळ, तो उशीर, आणि त्यावर वडिलांचे ते दोन शब्द. हे तुम्ही आजवर कुणाजवळ बोललात? जगण्याचा अर्थ शोधायच्या आधी हे दुःख एकदा मोकळं करा. जवळच्या मित्रापाशी करा. झोप अशीच उडत राहिली, तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही.

वडिलांवरचा राग मला समजतो. तरी एक विचार करा. पोटचा मुलगा गेलेल्या माणसाला त्या दिवशी उभं राहायला दुसरं काय होतं? तुम्हाला जे वाक्य दगडासारखं लागलं, त्याच्याच आधाराने ते कदाचित तगले असतील. आणि वारकरी घरात हे बोलणं अशक्य आहे असं समजू नका. दुष्काळात बायको-मुलगा गमावलेल्या तुकोबांनी एका अभंगात आपल्या लेखी देव मेला असं म्हटलंय. वडिलांना तो ठाऊक असेल. त्यांनाच विचारा, तुकोबा असं का म्हणाले असतील? भावाचा विषय कदाचित तिथून निघेल.

रिंगणाला जरूर जा. माळ घालू नका, न मानता हात जोडू नका. वडिलांची पिशवी घ्या, सावली बघून त्यांना बसवा, गर्दीत हात सोडू नका. यात खोटं काहीच नाही, वडिलांसाठी जाताय, तेवढं खरं असलं की झालं. त्यांनी सरळ विचारलं, 'तुझा विश्वास राहिला नाही का रे?' तर सरळ सांगा. न विचारता मात्र या वयात त्यांच्यापुढे वाद मांडू नका.

आणि वहिनी. अख्ख्या पत्रात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, शेवटचं. त्यांचा नवरा गेलाय. त्यांना काय वाटतं, देवावर त्यांचा राग आहे की आधार आहे, हे घरात कुणी विचारलंय का? भावाच्या नावावर जमीन, घर, ठेव, जे काही असेल त्यावर त्यांचं आणि मुलांचं नाव लागलं का? सातबारा काढून बघा. लागलं नसेल, तर मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज याच आठवड्यात द्या आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा. तुमच्या पतसंस्थेत भावाची ठेव असेल, तर ती तुमच्याच खिडकीवर आहे, तिच्यापासून सुरुवात करा.

तुमची,
ताई