चैत्रगौरीमागे कागदाचा पळस
हस्तकला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दांडिया बाजार, बडोदे येथील एक वाचक भगिनी लिहितात : चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी गौरीच्या झोपाळ्यामागे लावायला वसंत ऋतूचे कागदी वॉल हँगिंग करायचे आहे. पाहिलेल्या बहुतेक नमुन्यांत गुलाबी चेरीची फुले आणि ट्युलिप होते, ते गौरीमागे परके वाटतात. 'मिक्स मीडिया'मध्ये कागदाशिवाय काय काय चालते? उत्तरायणातले फाटके पतंग घरात आहेत, त्यांचा उपयोग होईल का?

उत्तर : ताई, आपल्याला जे परके वाटले ते बाजूला ठेवून हालोल-पावागढच्या रस्त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये काय फुलते याकडे पाहावे, म्हणजे विषयाची अडचण उरणार नाही. पाने गळालेला पळस तेव्हा केशरी फुलांनी भरलेला असतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते तोवर त्याचा बहर ओसरू लागतो, कडुनिंबाला बारीक पांढरी फुले येतात, आंब्याचा मोहोर सरत जाऊन कैऱ्या धरतात आणि त्याच कैऱ्यांची डाळ आणि पन्हे आपल्या हळदीकुंकवाला होते. म्हणून वरच्या एका कोपऱ्यातून पळसाची फांदी आणि दुसऱ्या बाजूने थोडा उरलेला मोहोर व दोन-तीन कैऱ्या असलेली आंब्याची डहाळी अशी मांडणी मी सुचवीन. मधला भाग मोकळा सोडावा, कारण तेथे झोपाळा येणार आहे आणि मागची गर्दी गौरीवरची नजर काढून घेते.

मिक्स मीडिया म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद, कापड, दोरा, लाकूड अशी वेगवेगळी साधने एकत्र वापरणे. 1912 मध्ये फ्रान्समध्ये पिकासो आणि ब्राक यांनी चित्रात छापील कागद आणि मेणकापड चिकटवायला सुरुवात केली, तेव्हापासून या पद्धतीला आधुनिक चित्रकलेत मानाचे स्थान मिळाले. आपल्या बडोद्यात तर 1950 साली सुरू झालेल्या फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समुळे ही दृष्टी शहराच्या चांगल्याच ओळखीची आहे. तेथील फाइन आर्ट्स फेअरसाठी चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी लाकूड, मणी आणि कातडे एकत्र आणून केलेली खेळणी प्रसिद्ध आहेत. मात्र साधने वाढविली म्हणून काम चांगले होते असे नाही. प्रत्येक वस्तूला त्या जागी येण्याचे कारण असावे, आणि ते कारण फुलाकडे नीट पाहिल्याशिवाय सापडत नाही.

पळसाचेच पाहा. त्याचे फूल साधारण 5 सेंटिमीटरचे असते आणि त्याला पाच पाकळ्या असतात : मागे वळलेली एक रुंद पाकळी, बाजूंच्या दोन अरुंद पाकळ्या आणि एकमेकींना जुळून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या दोन. गोल मांडलेल्या पाच सारख्या पाकळ्या कापल्या की फूल केशरी असूनही पळसाचे वाटत नाही. चोच जमली की एकच फूल साऱ्या फांदीची ओळख पटवते. पाकळ्यांसाठी क्रेप कागद घ्यावा. त्याच्या बारीक सुरकुत्या पाकळीच्या लांबीला समांतर ठेवून कापल्यास कागद रुंदीकडे ताणला जातो आणि अंगठ्याने दाबून पाकळीला खोलगटपणा देता येतो. आडवा कापला तर तो त्या बाजूला ताणला जात नाही आणि पाकळी चपटीच राहते. पाकळ्यांच्या बुडाशी असलेला निदल काळपट आणि मखमली लव असलेला असतो, आणि येथे कापडाला खरे काम मिळते : जुन्या मखमलीच्या किंवा वेलवेटच्या पोलक्याची गडद चिंधी तेथे लावावी. कितीही चांगला रंगविलेला कागद तो पोत देऊ शकत नाही.

आंब्याची कोवळी पालवी हिरवी दाखवू नये. ती तांबूस, थोडी जांभळट असते. जाड तपकिरी कागदावर गेरूच्या रंगाचे ॲक्रिलिक पातळ करून फिरविले तर छटा बरोबर येते. मोहोरासाठी सुतळीचे पीळ सोडवून तिचे तंतू पिंजावेत, टोके फिकट पिवळ्या रंगात बुडवून वाळवावीत आणि मधला दांडा लालसर ठेवावा. मोहरी, रवा किंवा डाळीचे दाणे चिकटविण्याची सूचना अनेक ठिकाणी केलेली आढळते, पण धान्याला कीड लागते आणि पुढच्या चैत्रापर्यंत काम टिकत नाही.

पतंगांचा उपयोग अवश्य करावा. पतंगाची वाकवलेली कामटी मुळातच लवचीक असते, त्यामुळे फांदीचा बाक तिच्यानेच चांगला साधतो. तिच्यावर तपकिरी क्रेपची अरुंद पट्टी गुंडाळली की झाले. मधली सरळ कामटी वरच्या कडेला आधार म्हणून लावता येईल. मांजा मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काढून टाकावा आणि टांगण्यासाठीही वापरू नये, कारण त्यावर काचेची पूड असते आणि हळदीकुंकवाच्या दिवशी घरात लहान मुलांची वर्दळ असते.

प्रश्न : रावपुऱ्यातून एक वाचक विचारतात : पतंगाचा कागद चिकटविला की त्याला सुरकुत्या पडतात आणि लाल-निळा रंग खालच्या पांढऱ्या कागदावर उतरतो. त्यावर उपाय काय?

उत्तर : कागदाचे तंतू पाणी पितात आणि फुगतात, पातळ कागद जाड कागदापेक्षा फार लवकर ओला होतो, म्हणून चिकटविताना तो ताणला जातो आणि वाळताना एकसारखा परत आवळत नाही. त्यामुळे डिंक किंवा फेव्हिकॉल पतंगाच्या कागदाला न लावता खालच्या जाड कागदाला लावावा, तोही पाणी न घालता, पुठ्ठ्याच्या तुकड्याने पातळ थर ओढून. क्षणभर थांबून त्यावर पतंगाचा कागद अलगद टेकवावा आणि मधून कडेकडे सुक्या मऊ फडक्याने दाबत जावे.

रंग उतरतो कारण या कागदाचा रंग बहुधा पाण्यात विरघळणारा असतो. तो ओला झाला की पसरणारच. तेथे पाण्याशी झगडण्यापेक्षा आकाशाच्या भागात मुद्दाम ओले करून रंग पसरू द्यावा, फुले आणि पाने यांच्यासाठी मात्र पाण्याने न सुटणारा रंग वापरावा. ॲक्रिलिक एकदा वाळले की त्यावर पुन्हा पाणी पडले तरी विरघळत नाही, म्हणून कामाचा क्रमही त्यानेच ठरतो : आधी ओली कामे, म्हणजे पार्श्वभूमीचे रंग आणि पतंगाचा कागद; ती पूर्ण वाळल्यावर क्रेप आणि कापड; शेवटी सुतळी, कामट्या यांसारख्या उठावाच्या वस्तू. ऑइल पेस्टल वापरायचे असल्यास ते जलरंगानंतर वापरावे, कारण त्यातील तेल आणि मेण पाण्याला धरू देत नाही. पावसाच्या सरी दाखवायला हाच गुण कामी येतो, पण आपला विषय वसंताचा आहे.

क्रेप आणि पतंगाच्या कागदाचे रंग उन्हात लवकर फिके पडतात, तेव्हा खिडकीसमोरची भिंत टाळावी.

प्रश्न : कारेलीबागेतून एका वाचकांनी लिहिले आहे : मागचा पुठ्ठा दोन दिवसांत वाकतो आणि हँगिंग भिंतीपासून सुटून उभे राहते. शिवाय पावसाळ्यात ते कुठे ठेवावे?

उत्तर : पुठ्ठा वाकतो याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : पुढच्या बाजूला कागद आणि गोंद, मागे काहीच नाही. पुढचा कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. जुने पुस्तकबांधणीचे कारागीर पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद चढवितात ते याचसाठी. आपणही मागच्या बाजूला त्याच वजनाचा कागद त्याच गोंदाने आणि शक्य तो त्याच दिवशी लावावा, म्हणजे दोन्ही ओढी समान होतात. यंत्रावर तयार झालेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एका दिशेने असतात आणि ओलाव्याने कागद त्या दिशेच्या आडवा अधिक फुगतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या कागदाच्या तंतूंची दिशाही एकच ठेवावी. दिशा ओळखण्यासाठी कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहावा, ज्या बाजूने तो सहज वाकतो त्या घडीला समांतर त्याचे तंतू असतात.

खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरत असाल तर त्याचे दोन तुकडे घ्यावेत आणि एकाच्या नाल्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवून एकमेकांवर चिकटवावेत. एकटा तुकडा नाल्यांच्या रेषेवर मोडतो. असे दोन एकत्र आल्यावर 45 सेंटिमीटर उंचीचे हँगिंग सहज उभे राहते आणि हलकेही असते. नंतर वर-खाली बटर पेपर घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावे. ही दाबणी फुले लावण्याच्या आधीच व्हायला हवी. टांगण्यासाठी मध्ये एक भोक न पाडता वरच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ भोके पाडून दोरी घालावी, आणि खालच्या कडेला मागून एक कामटी चिकटवावी, म्हणजे वजन खाली येऊन कडा भिंतीला टेकते.

पावसाळ्याचा प्रश्न गोंदापासूनच सुरू होतो. गव्हाच्या पिठाची खळ स्वस्त आणि उत्तम चिकटते, पण तिला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. म्हणूनच पूर्वी बांधणीच्या खळीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असल्याने मुले असलेल्या घरात मी ते सुचविणार नाही. फेव्हिकॉल वापरावा. गौर उठल्यावर, अक्षय्य तृतीयेनंतर, मऊ ब्रशने धूळ झाडून हँगिंग आडवेच एखाद्या सपाट खोक्यात ठेवावे. फुले चेपू नयेत म्हणून चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे उंच तुकडे लावून मगच झाकण बसवावे. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, त्याची शाई आणि पिवळेपणा पांढऱ्या कागदावर उतरतो. खोके बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये, आणि गणपतीच्या सुमारास कोरडे ऊन पडेल त्या दिवशी ते उघडून सावलीत तासभर हवा द्यावी. ऐन सजावटीच्या दिवशी एवढेच पाहावे की समई हँगिंगखाली किंवा अगदी लगत येणार नाही, कारण पंख्याच्या वाऱ्याने क्रेपची पाकळी हलते आणि ज्योतही.