१९६८ ची जीटीओ देऊन १९७० ची चॅलेंजर आर/टी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुमच्याकडे नऊ वर्षं सांभाळलेली १९६८ ची पॉन्टियाक जीटीओ आहे, ४०० क्युबिक इंचांचं इंजिन, चार गिअरची, पीएचएसच्या (पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, जुन्या पॉन्टियाकच्या कारखान्यातल्या नोंदी काढून देणारी संस्था) कागदांसकट, आणि एक जण तिच्या बदल्यात १९७० ची डॉज चॅलेंजर आर/टी (चॅलेंजरचं जास्त दमदार मॉडेल) ४४० च्या इंजिनाची, जांभळ्या प्लम क्रेझी रंगातली, बरोबरीत द्यायला तयार आहे, वर ना तो पैसे मागतोय ना तुम्ही, तर करू का. मी डेट्रॉइटच्या जवळ राहतो आणि असं गाड्यांचं साटंलोटं एकदा स्वतः केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मत सांगतो. आत्ता जेवढी माहिती आहे तेवढ्यावर करू नका. चॅलेंजर वाईट गाडी आहे म्हणून नाही, उलट ती खरी आर/टी आणि खरी ४४० असेल तर बाजारात साध्या ४०० वाल्या जीटीओपेक्षा साधारण जास्तच भावाने जाते. आणि माझी शंका तिथेच आहे. मग हा माणूस वरचे पैसे का मागत नाहीये? त्याला जीटीओचं लहानपणापासून वेड असेल, असतं काही लोकांना, किंवा त्याच्या गाडीतलं काहीतरी त्याला ठाऊक आहे जे तुम्हाला ठाऊक नाही. यातलं कुठलं ते कळेपर्यंत चावी हातातून सोडू नका.

माझं काय झालं ते सांगतो. माझ्याकडे १९६९ ची शेव्हेल एसएस ३९६ होती आणि एका गृहस्थांकडे त्याच सालची मस्टँग मॅक वन, ३५१ वाली. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, दोन्ही चकाचक, अर्ध्या तासात सौदा. १९६९ ला शेव्हेलमध्ये एसएस (सुपर स्पोर्ट) हे वेगळं मॉडेल नव्हतं, ऑप्शन पॅकेज होतं, त्यामुळे नुसत्या व्हिन नंबरवरून (गाडीचा कारखान्यातला ओळख क्रमांक) ती एसएस आहे की साधी मॅलिबू हे कळतच नाही, कागद असेल तरच सिद्ध होतं. तो कागद माझ्याकडे होता, पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली कारखान्याची मूळ बिल्ड शीट, म्हणजे त्या गाडीला काय काय बसवायचं त्याची यादी, मी स्वतः अलगद सोडवून प्लॅस्टिकमध्ये घातलेली. सौदा करताना तिची किंमत धरायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, दिली गाडीबरोबर. पैशांचा सौदा असता तर मी प्रत्येक गोष्टीचा हिशोब केला असता, पण अदलाबदलीत किंमत कोणी तोंडाने बोलतच नाही, आणि न बोललेल्या किमतीत माणूस फसतो.

आणि मस्टँग? पहिल्या पावसानंतर आत ओलसर वास यायला लागला. विंडशील्डच्या खाली, बॉनेटच्या मागे जी जाळी असते तिच्यात मी एक बाटली पाणी ओतलं आणि पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट वर करून बघत बसलो. काही सेकंदांतच हीटरच्या बाजूने धार लागली, आणि पाण्याबरोबर चहाच्या रंगाचा गंजाचा गाळ. त्या जाळीखालचा पत्रा दुहेरी असतो, कारखान्यात वेल्ड केलेला, तो बदलायचा म्हणजे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे. गाडी अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये उघडी पडून होती. हीच बाटली मी सौद्याच्या दिवशी ओतली असती तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर आता तुमची चॅलेंजर. डॅशबोर्डवरचा व्हिन नंबर बघा, तो जेएस२३यू० असा सुरू व्हायला हवा. जे म्हणजे चॅलेंजर, एस म्हणजे आर/टी (साध्या गाडीला तिथे एच असतो), २३ म्हणजे हार्डटॉप, यू म्हणजे ४४० चार बॅरल कार्ब्युरेटरवालं आणि शून्य म्हणजे १९७०. यूच्या जागी एन असेल तर गाडी ३८३ घेऊन कारखान्यातून निघालेली आहे आणि ४४० नंतर कोणीतरी बसवलंय. ते फार अवघड काम नाही, आणि चालवायला तशी गाडी मस्तच असते, पण तिची किंमत वेगळी. मग डावीकडच्या आतल्या फेंडरवरचा छोटा टॅग वाचा, त्यावर रंगाचा कोड एफसी७ आहे का बघा, कारण जांभळ्याला मागणी जास्त म्हणून दुसऱ्याच रंगाच्या गाड्या मागाहून जांभळ्या केलेल्या भरपूर फिरतात. टॅग नवीन करूनही मिळतात, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका, इंजिन ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेला नंबर व्हिनशी जुळतो का तेही दिवा मारून वाचा. जीएमच्या (जनरल मोटर्स, पॉन्टियाक आणि शेव्हेल त्यांच्याच) गाड्यांच्या व्हिनमध्ये १९७२ च्या आधी इंजिनाचा कोडच नव्हता, त्या मानाने डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरवाल्यांनी आपल्यासारख्यांवर उपकारच केलेत. तुमच्या जीटीओचा व्हिन २४२ ने सुरू होत असणार, म्हणजे ती जन्माने जीटीओ, वर पीएचएसचा कागद. तिच्याबद्दल कोणी शंका घेऊच शकत नाही. हे लहान नाही, सौद्यात मोठ्याने बोला.

दुसरी गोष्ट गंज. तुमच्या जीटीओला चासी वेगळी आहे, बॉडी वर बसवलेली. चॅलेंजरला तशी चासी नाही, पत्राच सगळा भार घेतो, त्यामुळे तिथला गंज नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो. लिफ्टवर चढवल्याशिवाय बघितली असं म्हणूच नका. टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनचे पिळाचे दांडे) जिथे मागे अडकतात तो आडवा मेंबर, मागचे पाटे जिथे टांगलेत तिथले रेल, डिकीचा तळ, एवढं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवून बघा. खणखणीत पत्रा आणि लांबी (पुट्टी) भरलेला पत्रा यांच्या आवाजात ढोलकी आणि उशीएवढा फरक असतो. सोबत लोहचुंबक न्या, क्वार्टर पॅनेलवर (मागच्या चाकाभोवतीचा बाजूचा पत्रा) खालच्या बाजूला चिकटत नसेल तर आत फिलर आहे. गाडी आयुष्यभर मिशिगन-ओहायोत राहिली असेल तर दुप्पट वेळ द्या, इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात.

चालवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुमच्या हाताला कळेल. कागदावर ४४० चे ३७५ हॉर्सपॉवर आणि तुमच्या ४०० चे ३५०, पण दोन्ही आकडे जुन्या ग्रॉस पद्धतीचे, म्हणजे गाडीबाहेर सुट्या इंजिनावर मोजलेले, त्यावरून काही ठरवू नका. दोन्हींना मूळचे पुढेही ड्रम ब्रेकच, डिस्क ऑप्शन होते, तेव्हा त्याच्या गाडीला काय आहे ते विचारा. निदान तासभर चालवा, गरम इंजिन बंद करून परत सुरू करा.

टॅक्सचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. पैसे हातात आले नाहीत म्हणजे विक्री झाली नाही असं अमेरिकेत नाही. लाईक-काइंड एक्सचेंजची, म्हणजे सारख्या मालमत्तेच्या अदलाबदलीवर टॅक्स लगेच न लागण्याची, सवलत २०१८ पासून फक्त जमीन-इमारतींना उरली आहे, त्यामुळे जीटीओ तुम्ही स्वस्तात घेतली असेल तर चॅलेंजरच्या किमतीला ती विकलीत असं धरून नफा मोजला जातो. सीएला आधी विचारा.

म्हणून माझं सांगणं, दोन्ही गाड्यांचं वेगवेगळं अप्रेझल (जाणकाराकडून किंमत ठरवणं) करून घ्या, दोन आकडे कागदावर लिहा, आणि स्वतःला विचारा की जीटीओ तेवढ्या रोख पैशाला विकली असती तर ते पैसे घेऊन मी हीच चॅलेंजर विकत घ्यायला गेलो असतो का. उत्तर लगेच हो आलं आणि वरच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या तर खुशाल करा, मला आनंदच होईल, फार देखणी गाडी आहे ती. उत्तर द्यायला वेळ लागला तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, नऊ वर्षांत त्या जीटीओचा एकेक आवाज तुम्हाला पाठ झालाय आणि नव्या गाडीचे आवाज ओळखायला परत तेवढीच वर्षं लागतील.

फेंडर टॅगचा आणि व्हिनचा फोटो मिळाला तर इथे खाली उतरवून टाका, शेवटचे आकडे झाकून. टॅगवरच्या ओळी खालून वर वाचायच्या असतात, नवख्याला गोंधळ होतो, मी वाचून सांगतो.