ओळख 'पटणे' म्हणजे नेमके काय?

'सांगाडा 20 ते 25 वर्षांच्या पुरुषाचा. ओळख पटलेली नाही' अशी बातमी वाचून एका शाळकरी वाचकाने विचारले आहे: वय कळले, पुरुष आहे हेही कळले, मग ओळख पटायची राहिली कुठे?

घोळ 'पटणे' या क्रियापदाकडे दुर्लक्ष केल्याने होतो. म्हणणे पटते, खूण पटते, दोन शेजाऱ्यांचे पटत नाही. पटायला दोन बाजू लागतात. नुसती हाडे ही एकच बाजू. त्यांवरून निघते ते वर्णन.

हे वर्णन काढते न्यायसहायक मानवशास्त्र. ('न्यायवैद्यक' हा शब्द शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या शास्त्रासाठी ठेवलेला बरा.) हाडे माणसाचीच आहेत ना, हे आधी पाहतात. मग कमरेचा सापळा: पुढच्या जोडाखालचा कोन रुंद असला तर बहुधा बाई, अरुंद असला तर पुरुष. वयात न आलेल्या मुलांमध्ये हा फरक नीट उमटलेलाच नसतो, म्हणून तिथे तज्ज्ञ मुलगा की मुलगी हे सांगायचे टाळतात. वाढत्या वयात हाडांची टोके मधल्या दांड्याला सांधत जातात. मांडीच्या हाडाचे गुडघ्याकडचे टोक साधारण 16 ते 19 या वयात सांधते. गळ्याखालच्या आडव्या हाडाचे छातीकडचे टोक मात्र तिशीच्या आसपास.

उंचीसाठी ट्रॉटर आणि ग्लेसर यांचे 1952 चे सूत्र प्रसिद्ध आहे: मांडीच्या हाडाची लांबी गुणिले 2.38, अधिक 61.41. हाड 45 सेंटीमीटर असेल तर उंची 168.5, तीही तीनेक सेंटीमीटर इकडेतिकडे. हे सूत्र गोऱ्या अमेरिकी पुरुषांवरून बेतलेले. उंचीच्या मानाने पायांची लांबी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे भारतीय हाडाला ते जसेच्या तसे लावले की आकडा फसतो.

दुसरी बाजू येते बेपत्ता माणसाच्या नोंदींतून: दातांचे जुने एक्स-रे, कपाळाच्या हाडातल्या पोकळ्यांचा आकार, खुब्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यावरचा क्रमांक, नातेवाइकांचा डीएनए. बेपत्ता झाल्याची तक्रारच नसेल, तर उत्तम वर्णनही कागदावर पडून राहते.

1985 मध्ये ब्राझीलमधल्या एम्बू इथे एक थडगे उघडले. नाव होते वोल्फगांग गेरहार्ड, संशय होता नाझी डॉक्टर योझेफ मेंगेलेचा. कवटीची प्रतिमा मेंगेलेच्या जुन्या फोटोंवर ठेवून ताडली आणि तज्ज्ञांना पटले. शंकेखोरांना पटायला 1992 उजाडले, हाडांतला डीएनए त्याच्या मुलाशी जुळेपर्यंत.